अप्पांची फेसाळ वाइन

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या सकाळी, तंजावरच्या आमच्या घरी अप्पांसाठी आणलेल्या फेसाळ वाइनचा फेस अम्माने घालवला. अप्पांच्या जिभेचे ऑपरेशन दोन दिवसांवर होते. अर्धी जीभ काढावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. चव किती राहील, हे ते सांगत नव्हते.

वाइनची मागणी अप्पांचीच. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर दारूला शिवले नव्हते. बेंगळुरूला भाच्याच्या लग्नात फेसाळ पेला समोर आला तेव्हा त्यांनी हात जोडले होते. शेजारचा पाहुणा म्हणाला होता, जिभेवर मुंग्या नाचतात. ते त्यांच्या लक्षात राहिले होते.

"त्या मुंग्या बघायच्या एकदा," ते म्हणाले. शब्द तोवर जड येऊ लागले होते.

घोटभर चालेल, झोंबेल मात्र, असे डॉक्टर म्हणाले.

"झोंबू दे," अप्पा म्हणाले.

तंजावरात मला ती वाइन मिळाली नाही. धाकट्या बहिणीने बेंगळुरूहून नाशिकची एक लहान बाटली आणली. कृती सोपी होती. तळाशी खडीसाखरेचा खडा, त्यावर परसातल्या ईडलिंबाची साल पिळायची, वर थंडगार वाइन. ढवळायचे नाही. खडा विरघळेपर्यंत बुडबुडे सुटत राहतात.

सगळ्यांचे तेलस्नान झाले.

"सणादिवशी, देवासमोर दारू!" अम्मा म्हणाली.

"देवाला नक्को. मला दे."

ती हसली नाही. पण काचेचा पेला अप्पांच्या हातात थरथरेल म्हणून त्यांचा रोजचा कॉफीचा टंबलर तिनेच घासून दिला.

बहिणीने त्यात सगळी बाटली ओतली. फेस काठापर्यंत चढला. अप्पांना उशीला टेकवून बसवायला आम्ही दोघे खोलीत गेलो. परत आलो तेव्हा अम्मा टंबलर खांद्याइतका उंच धरून खालच्या खोलगट वाटीत, डवऱ्यात, धार सोडत होती. मग डवऱ्यातून पुन्हा टंबलरमध्ये. लग्न झाल्यापासून ती अप्पांची कॉफी अशीच निववत आली आहे.

"अम्मा, थांब!" बहीण ओरडली.

"कसाला ओरडतेस गे? खडा विरघळत नव्हता. टोचला असता त्यांना."

बहिणीने बाटली उलटी धरली. चार थेंब पडले. तिने बेंगळुरूला फोन लावला. दुसरी बाटली ऑपरेशनआधी पोचणे शक्य नव्हते. निदान सोडा तरी मिळावा म्हणून मी स्कूटर काढली. पेठेतली सगळी दुकाने बंद होती. तिरुवैयारुच्या रस्त्यावर एक टपरी उघडी दिसली. तिथे फक्त चहा होता. तरी मी दोनदा विचारले.

घरी आलो तेव्हा अप्पा तसेच बसून होते. अम्मा टंबलर धरून शेजारी उभी होती. फेस गेल्याचे बहिणीने तिला सांगितले होते, हे अम्माच्या चेहऱ्यावरून कळत होते.

अप्पांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"आल्या मुंग्या?" अम्माने विचारले.

"आल्या," अप्पा म्हणाले. "पुष्कळ."

डवऱ्याच्या तळाशी थोडी वाइन उरली होती. मी ती चाखली. गोड होती. बुडबुडा एकही नव्हता.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झाले. जीभ पूर्ण काढावी लागली.