दिल्लीवाल्यांचं सीताफळ

“ताई, दिल्लीवाल्यांचं डोस्कं फिरलंय का? सीताफळाची भाजी करतेत म्हणं. पुरीसंगं!”

शिवलिंगअप्पा जिना चढता चढताच हे बोलत आले. मागून काठी टेकत त्यांचे वडील. डोळे दाखवायला त्यांना मेडिकल कॉलेजात आणलं होतं. अंबाजोगाईत सायबर कॅफेच्या वर माझं एका खोलीचं ऑफिस होतं. सर्च इंजिनवर लोकांच्या जाहिराती लावायच्या, हा माझा धंदा. माझ्या सासूबाई तो ‘कॉम्प्युटरचं कायतरी’ असा सांगायच्या.

अप्पांचा धंदा मात्र कुणालाही कळेल असा होता. डोंगरातली सीताफळं घ्यायची, बायकांकडून गर काढून घ्यायचा आणि तो गोठवून आइस्क्रीमवाल्यांना विकायचा. त्या वर्षी पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडून माल भरला. अप्पांचा निम्मा गर कोल्ड स्टोरेजमध्ये पडून राहिला. आंबा आला की खोली रिकामी करा, असं तिथल्या मालकाने बजावलं होतं.

“गर फेकावा लागला तर पुढल्या साली कामच बंद,” अप्पा मला म्हणाले होते. “त्या बायांना काय तोंड दाखवू?”

म्हणून मी दिल्लीकडे जाहिरात लावली. यात सगळी मदार कीवर्डवर असते. कीवर्ड म्हणजे गिऱ्हाईक शोधताना टाइप करतं तो शब्द. आपण तो निवडून ठेवायचा. कुणी तो टाइप केला की आपली जाहिरात दिसते आणि त्याने क्लिक केलं की आपले पैसे कटतात. अप्पांना ‘एक नंबर क्वालिटी’ हा कीवर्ड हवा होता.

“अप्पा, असं कोण शोधतं?”

“कावून? खराब माल शोधतेत व्हय?”

मी हसले आणि माझ्या हुशारीने ‘सीताफल’ निवडला. हिंदीत ळ नाही, एवढं व्याकरण मला येत होतं. रोमन अक्षरांतली चार स्पेलिंगंही घातली. पहिल्याच आठवड्यात क्लिकचा पाऊस पडला. मी स्वतःवर भलतीच खूश होते. फोनही येत होते, पण विक्री शून्य. कुणी विचारी, हरा है या पीला? कुणी म्हणे, काटके दोगे?

आणि आता ही पुरी-भाजी. तेवढ्यात अप्पांचा मोबाइल वाजला. पुन्हा दिल्ली. मीच तो घेतला आणि विचारलं, “भाईसाब, आप सीताफल किसको बोलते हो?”

“अरे मैडम, कद्दू को! और किसको?”

कद्दू म्हणजे लाल भोपळा. माझ्या भ्रमाचा भोपळा फुटला, तोही अगदी शब्दशः. मग आपल्या सीताफळाला तुम्ही काय म्हणता, हे विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंबा महिन्यावर आला होता आणि मी अप्पांच्या पैशाने दिल्लीभर भोपळ्याची जाहिरात करत बसले होते.

“शरीफा,” कोपऱ्यातून अप्पांचे वडील म्हणाले.

“काय म्हणलं, बाबा?” अप्पांनी विचारलं.

“शरीफा म्हणतेत तिकडं. निजामाच्या साळंत उर्दू हुतं आमाला. बुकात शीन से शरीफा, अन् चित्र आपल्या सीताफळाचं. मी चित्र बघून सीताफळ म्हणलो. मास्तरनं अशी छडी हाणली!” त्यांनी तळहात पुढे केला, जणू वळ अजून तिथेच आहे.

मी तिथल्या तिथे कीवर्ड बदलला. ‘शरीफा’, पुढे ‘पल्प’. शिवाय भाजी, पुरी, कद्दू हे शब्द वगळायच्या यादीत टाकले, म्हणजे ते शोधणाऱ्यांना आपली जाहिरात दिसणार नाही. क्लिक एकदम आटले. चार दिवस अप्पा रोज येऊन विचारत, “मशीन बंद पडलं का, ताई?” पाचव्या दिवशी दिल्लीच्या एका आइस्क्रीमवाल्याचा फोन आला. त्याने नमुना मागवला, आणि आंबा यायच्या आत सगळा गर नेला.

हंगामाला अप्पांनी त्याच बायांना पुन्हा बोलावलं. मला पेढे आले, बाबांना नवा चष्मा.

तेव्हापासून नवीन क्लायंट आला की मी आधी माल बघत नाही. विचारते, तुमच्या घरात सगळ्यात म्हातारं माणूस कोण, आणि त्यांनी शाळेत कशासाठी मार खाल्ला?