साकुनोची फुलदाणी

साकुनो मोरिवाकी बाई मोठी करारी. जपानच्या हिनासे बंदरात तीस हिवाळे कालवं सोलून तिच्या बोटांची पार चाळण झाली होती, पण तक्रारीचा एक शब्द नाही. नवरा समुद्राने नेला, मुलगा एकटीने वाढवला. बैठकीतला शोभेचा कोनाडा मात्र नवरा गेल्यापासून रिकामा होता. फूल ठेवायला तिचा हातच होत नव्हता.

यंदा ठेवणं भागच होतं. मुलाचं, कोइचीचं, अकानेशी जमलं होतं आणि तिचे आईवडील घर बघायला यायचे होते. कालवांच्या वासाच्या घरात लेक द्यायला त्यांचं मन घेत नव्हतं, हे साकुनोच्या कानावर आलं होतं. मग तिने कोनाड्याला नवी फळी बसवली आणि इम्बेच्या कुंभारवाड्यातून बिनझिलईची एक फुलदाणी आणली. दुकानात सगळी भांडी पाणी मारून ओली ठेवलेली. त्यात हिच्या रंगावरच तिचा जीव जडला.

पण नव्या फळीवर पाण्याचा डाग नको म्हणून या शहाणीने फुलदाणी पुसून पुसून खडखडीत कोरडी केली. पाणीही आत बेताचंच घातलं. सकाळी बघते तर काय, सगळा रंग गेलेला.

"वहिनी, भाजलेलं रताळं मांडलंयस का गं?" नणंद किमीए म्हणाली. तिने आपली सोनेरी वेलबुट्टीची फुलदाणी सोबतच आणली होती. ही ठेव, आमची लाज तरी राहील, असं वर सुनावलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. साकुनोने आपली फुलदाणी उचलून स्वयंपाकघरात नेली. कुठे लपवावी ते सुचेना, तेव्हा हाताच्या सवयीने तिने ती कालवं धुवायच्या बादलीत बुडवली.

बाहेर काढली आणि ती जागीच थिजली. अगं बाई! मातीतून तांबडा जाळ वर आला होता. एका अंगाला भट्टीतल्या राखेची पिवळी सर ओघळली होती, आणि बुडाशी पहाटेच्या समुद्राचा तो काळानिळा रंग, ज्या रंगात नवऱ्याची होडी शेवटची दिसली होती. इतकं सगळं त्या मातीत होतं, आणि आपण ते फडक्याने पुसत बसलो होतो! तिचे डोळे भरून आले.

ती तशीच निथळती फुलदाणी घेऊन आली, किमीएने तिथे मांडलेली बाजूला सारली आणि कोऱ्या फळीवर आपली ठेवली. कॅमेलियाची एक कळी खोचली. किमीएने कपाळावर हात मारला.

अकानेचे वडील, इनोकुची, रीतीप्रमाणे आधी कोनाड्यासमोर बसले आणि वाकले. वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. फुलदाणीखाली पाण्याचं काळं वर्तुळ पसरत होतं.

"नवी फळी आहे. डाग राहील," ते हळूच म्हणाले.

"राहू दे," साकुनो म्हणाली. "तुम्ही आलात ना."

ते पुन्हा फुलदाणीकडे बघत राहिले. मग साकुनोच्या हातांकडे बघून म्हणाले, "आमच्या अकानेचे हात थंडीत फार फुटतात. तेवढं जपा."

साकुनोने आपले चिरलेले हात चटईवर टेकले आणि मान खाली घातली. फळीवरचा तो डाग अजून आहे. सून होऊन आलेली अकाने तो घासायला गेली, तर साकुनोने तिचा हात धरला.