धुळाप्पाचं दुसरं मशीन

बेंबळीच्या संगीत महोत्सवात गाणारे दरवर्षी बदलतात. आवाज धुळाप्पाचाच असतो. वायरी ओढणं, माइक लावणं, स्पीकरची खोकी चढवणं आणि मिक्सरवर बसणं ही सगळी खाती त्याच्या एकट्याकडे आहेत. उद्या संपावर जायचं म्हटलं तर मागण्या ऐकून घ्यायलाही तोच.

गावात गाणं कळणारे मोजके, आवाज कळणारे सगळे. पूर्वी कुणीही उठून स्टेजमागे यायचं. "वाढीव की रं, ऐकू येईना." तो गेला की दुसरा, "कमी कर, म्हातारी माणसं हायेत." समितीचे अध्यक्ष लिंबाजीराव बोलण्यात वेळ घालवत नसत, थेट बटण फिरवत.

मग धुळाप्पाला तोडगा सुचला. घरी एक जळालेला मिक्सर पडला होता. तो त्यानं पुसला, आत सेलवर पेटणारा लाल दिवा बसवला आणि अध्यक्षांच्या खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवला. "मेन कंट्रोल तुमच्याकडं, अध्यक्ष." त्याची वायर टेबलाखाली जाते आणि तिथंच विश्रांती घेते. तेव्हापासून महोत्सवाचा आवाज सुधारला, यावर गावाचं एकमत आहे. श्रेय अर्थातच लिंबाजीरावांचं.

यंदा पेच घरातून आला. धुळाप्पाची बायको अयोध्या भजनी मंडळात गाते. या वर्षी ती पहिल्यांदाच स्टेजवर एकटीनं गौळण म्हणणार होती.

"आवो, लगनापासून माझं गाणं तुमी पाठीमागनंच ऐकलंय. यंदा म्होरं बसायचं. मधी उठलाव तर म्या तिथंच थांबणार."

"आन मशीन कोण बघंल?"

"लिंबाजीराव हायेत की. समदं गाव त्यांचंच नाव काढतंय."

दुसऱ्या मशीनचं गुपित धुळाप्पानं घरातही फोडलं नव्हतं. त्यामुळं पुढं बसायचं कबूल करावं लागलं.

अयोध्याची पाळी आली तेव्हा त्यानं खऱ्या मिक्सरची बटणं बेतानं लावली आणि पुढच्या सतरंजीवर जाऊन बसला. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्याला पेटीवाल्या शिवानंदला घाम आला. तो पुसताना त्याच्या कोपरानं पेटीचा माइक खोक्याकडे वळला आणि मांडवभर शिट्टी सुटली. लोकांनी कान झाकले. धुळाप्पा अर्धा उठला. अयोध्यानं गाता गाताच डोळे वटारले. तो ना उभा ना बसलेला असा अधांतरी राहिला. तिकडं लिंबाजीराव दोन्ही हातांनी बटणं पिळत होते.

अयोध्यानं सूर सोडला नाही. डावा हात लांब करून तिनं पेटीच्या माइकचं तोंड फिरवलं. शिट्टी थांबली. धुळाप्पा खाली टेकला. गौळण संपली तशा टाळ्या पडल्या. त्यातल्या निम्म्या लिंबाजीरावांनी उभं राहून, हात जोडून स्वीकारल्या.

वायरी गुंडाळताना अयोध्या जवळ आली.

"कशी गायले म्या?"

"माइक बराबर फिरवलास."

"गाण्याचं इचारलंय."

धुळाप्पानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "आवाजाला बास जरा जास्त व्हता."

"मग अध्यक्षांना सांगायचं व्हतं." ती वायरीचं एक टोक धरत म्हणाली. "आन टेबलाखालची ती वायर झाकत जावा. सकाळी मांडव झाडताना पायात आली माझ्या."

धुळाप्पाचा हात थांबला. "मंजी तुला ठावं व्हतं?"

"व्हय. म्हनून तर गाताना माइकवर ध्यान ठिवलं. म्होरं बसून तुमी कुठं ठिवलं व्हतं, ते कळलं आता."