कवळी आणि हुरडा

आमच्या सावेडीच्या सेवा क्लबात कुठलंही चांगलं काम प्रमुख पाहुण्यांशिवाय होत नाही. बाकडं द्यायचं असो की वह्या, आधी पाहुणे येणार, शाल-नारळ होणार, फोटो निघणार आणि मग ज्याचं त्याला मिळणार. मी क्लबची सचिव. शाळेतून निवृत्त झाल्यावर समाजसेवा करावी म्हणून शिरले आणि शाली विकत आणायच्या कामाला लागले.

त्या हिवाळ्यात आम्ही कर्जत तालुक्यातल्या एका गावात दातांचं शिबिर घेतलं. आमच्यातले एक सदस्य दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी बोळक्या म्हाताऱ्यांची मापं घेतली, कवळ्या करवून आणल्या, एकेकाच्या तोंडात बसवून पाहिल्या. छान बसल्या. आणि मग काढून परत घेतल्या, कारण वाटपाचा कार्यक्रम अजून व्हायचा होता. पाहुणे संगमनेरचे, मोठे व्यापारी, आणि त्यांची तारीख काही मिळेना. कवळ्यांच्या डब्या माझ्या कपाटात, साड्यांखालच्या कप्प्यात. साडी काढताना कुणीतरी बोटाला चावेल असं मला उगीच वाटायचं.

तारीख पहिल्यांदा पुढे गेली तेव्हा त्या गावातले एक बाबा एसटीने थेट माझ्या फ्लॅटवर आले. पाणी प्यायले आणि मुद्द्यावर आले.

"ताई, माजं दात द्या."

"कार्यक्रमात मिळतील, बाबा. पाहुण्यांची तारीख मिळू द्या."

"ज्वारी काय तुमच्या पाव्हण्यासाठी थांबती व्हय? हुरड्यात आलीया. लौकरच निबार हुईल."

कोवळ्या ज्वारीचे दिवस किती थोडे असतात हे मला कुणी सांगायला नको. पण बाबांची तऱ्हा वेगळीच होती. दात गेल्यापासून दर वर्षी ते आगटीपाशी बसायचे, भाजलेली कणसं तळहातावर चोळायचे आणि दुसऱ्यांच्या पुढ्यात ठेवायचे. "मी चोळून देतो, बाकीचे खात्यात," ते म्हणाले. "मी ताक पितो."

मला संताप आला. बाबा गेल्यावर मी अध्यक्षांना फोन लावला. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. सगळ्या गोष्टी मांडून ठेवायच्या असतात असं त्यांना वाटतं.

"मॅडम, एकाला दिली की बाकीचेही मागतील."

"मागू देत ना. त्यांच्याच मापाच्या आहेत, तुम्हाला थोड्याच बसणार आहेत?"

"मग स्टेजवर काय देणार?"

मी फोन आपटला. मोबाईल आपटून काही होत नाही, पण आपटला.

तारीख पुन्हा पुढे गेली. बाबा पुन्हा आले, या वेळी रुमालात दोन कणसं बांधून. म्हणाले, दाणा चिमटून बघा. मी चिमटला. आतलं दूध घट्ट व्हायला लागलं होतं. मी कपाट उघडलं. अट एकच घातली: कार्यक्रमाच्या दिवशी लवकर यायचं आणि कवळी माझ्या हातात द्यायची, मी ती गुपचूप डबीत ठेवीन. बाबांनी गळ्याची शपथ घेतली आणि माझ्या बेसिनपुढे उभे राहून तिथेच दात बसवले. रिकामी डबी मी परत कपाटात ठेवली.

अखेर कार्यक्रम ठरला. मी सावेडीतल्या हॉलच्या दारात उभी, आणि नेमकी बाबांची एसटी उशिरा. बाबा धापा टाकत आत शिरले तेव्हा त्यांचंच नाव पुकारलं जात होतं. मी हात करीपर्यंत ते स्टेजवर पोहोचलेसुद्धा.

पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडे बघत डबी उघडली. डबी रिकामी. पाहुण्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी डॉक्टरांकडे, डॉक्टरांनी माझ्याकडे. मी पंख्याकडे पाहिलं. बाबांनीही वाकून डबीत डोकावलं आणि सगळे दात दाखवत विचारलं, "आँ? गेलं कुठं दात?"

ते नाटक करत नव्हते. दात तोंडात आहेत हे ते खरंच विसरले होते. आमचे डॉक्टर अजून हा प्रसंग स्वतःची जाहिरात म्हणून सांगतात.

मग बाबांच्या ध्यानात आलं. त्यांनी पाठ फिरवली, कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि डबीत ठेवली. "हं, द्या आता," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. फोटोग्राफर म्हणाला, बाबा, हसा. बाबा मनापासून हसले. आमच्या अहवालात कवळीवाटपाचा फोटो म्हणून ते हसू छापलंय, एकही दात नसलेलं.

अध्यक्ष लालबुंद झाले होते. पाहुण्यांना मात्र हसू आवरेना. त्यांनी माईकवरच विचारलं, "बाबा, एवढी कसली घाई होती?"

बाबांनी थांबा म्हणून हात केला, कवळी परत बसवली आणि म्हणाले, "हुरडा, सायेब. लई ग्वाड हुता."

पाहुण्यांचा चेहरा एकदम उतरला. "मी यंदा चाखलासुद्धा नाही हो. घरची ज्वारी आहे, पण हे कार्यक्रम... उरलाय का थोडा?"

"आता कुठला? ज्वारी काढाय आली." बाबांनी मान पुढे काढून पाहुण्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. "पर तुमचं तर समदं दात जागच्या जागी हायेत की, सायेब. मग का न्हाई खाल्ला?"

साहेबांनी तोंड मिटलं आणि माईक अध्यक्षांच्या हातात दिला.