शेवटची गाडी

२०१४ च्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग वायोरूला होतं. लष्कराच्या ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर, रँक लान्स कॉर्पोरल. पुण्यातून लहानपणी इथे न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आलेला मुलगा फौजेत का गेला, हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. त्यामुळे ते तुम्हाला समजावत बसत नाही. आपल्या मराठी मंडळाची सहल दरवर्षी स्नो बघायला निघते आणि निघण्याआधी तुम्ही मला म्हणता, "दोन शब्द सांगा." सांगतो. पण मधेच कुणी "अहो, आम्ही वरंधा घाटात गाडी चालवलीय" असं म्हणायचं नाही.

आमचं रोजचं काम साधं होतं. सामान भरायचं, डेझर्ट रोड या हायवेवरून उत्तरेला न्यायचं, परत यायचं. दोन ट्रक. पुढचा, म्हणजे लीड, माझा. मागचा, म्हणजे टेल, कॉर्पोरल हेमीचा. हेमी माओरी, माझ्यापेक्षा बराच मोठा, हात फावड्याएवढे. निघण्यापूर्वी तो ग्लोव्ह काढून रस्त्यावर तळहात टेकवायचा. मी चिडवायचो, "काय, पाया पडतोयस?" तो म्हणायचा, "विचारतोय, आज जाऊ देणार का." अवघड वळण ओलांडलं की मी रेडिओवर विचारायचो, "टेल?" त्याचं उत्तर ठरलेलं, "टेल क्लिअर. स्वीट ॲज." म्हणजे एकदम झकास. ते ऐकल्याशिवाय मी वेग वाढवायचा नाही, हा त्याचाच नियम. मागच्याची काळजी पुढच्याने घ्यायची.

त्या सकाळी आकाश स्वच्छ होतं, ऊन पडलेलं. लोकांना वाटतं, ऊन म्हणजे बरं. कसलं बरं! रात्री गोठलेला रस्ता सावलीत तसाच राहतो. काळा बर्फ म्हणजे पारदर्शक थर, तो दिसत नाही, डांबर नुसतं ओलं वाटतं. कळतं ते कानाला. टायरची घरघर एकदम बंद होते.

एका खोलगट वळणावर माझ्या टायरची घरघर बंद झाली. ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंगला झटका दिला नाही. ॲक्सिलरेटर सोडला आणि ट्रक आपोआप हळू होऊ दिला. वळणापलीकडे पाहतो तर भर रस्त्यात एक पांढरी गाडी उभी. बॉनेटवर थर्मास आणि स्टीलचा डबा. नवरा, बायको, पाच-सहा वर्षांची मुलगी. बाप डोंगराचा फोटो काढत होता. आपल्याकडे घाटात धबधब्यापाशी गाडी थांबवून चहा पितात ना, अगदी तसं.

ट्रक पुढे नेऊन कडेच्या खडीवर घेतला. "टेल, लीड. वळणापलीकडे सिव्हिलियन गाडी, रस्त्यात. माणसं बाहेर. खाली बर्फ."

"लीड, टेल. मी वळणाअलीकडे थांबतो. तू माणसं बाजूला काढ. मागची ट्रॅफिक मी बघतो."

मी धावलो, खरं तर घसरत गेलो. "दादा, रस्ता सोडा! त्या चढावर जा! वहिनी, मुलीला उचला!"

"अहो, तुम्ही मराठी?"

"ते नंतर! आधी चढा!"

"गाडी निघत नाहीये हो, चाकं जागच्या जागी फिरतायत," तो म्हणाला.

"मरू दे गाडी!"

वहिनी मागे वळल्या. "इराचं जॅकेट आत राहिलंय." मी त्यांचा दंड धरून अक्षरशः ओढत वर नेलं. माझं जॅकेट काढून मुलीला गुंडाळलं.

चढावरून रस्ता फक्त वळणापर्यंत दिसत होता. पलीकडून कोण येतंय, किती वेगात, काही कळत नव्हतं. "आर वी इन ट्रबल?" मुलीने विचारलं. मी नाही म्हणालो.

रेडिओ बोलला. "लीड, टेल. यूट गाडी येतेय. वेगात. थांबवतो."

मग एक आवाज झाला. फार मोठा नव्हता.

"टेल?" मी म्हणालो. "टेल, लीड. टेल?"

हेमी आपल्या ट्रकच्या बराच मागे चालत गेला होता, येणाऱ्याला थांबायला वेळ मिळावा म्हणून. यूटवाल्याला, म्हणजे त्या पिकअपच्या ड्रायव्हरला, ट्रकचे हॅझर्ड लाइट्स लांबूनच दिसले होते. ट्रक कडेला आहे, रस्ता मोकळा आहे, म्हणून त्याने वेग कमी केला नाही. हात हलवणारा माणूस दिसला तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला. यूट फिरली आणि हेमीला घेऊन गवतात गेली. वळणापर्यंत पोचलीच नाही. यूटवाला वाचला. हेलिकॉप्टर यायच्या आधीच हेमी गेला. मी शेजारी बसलो होतो. त्याच्या एका हातात ग्लोव्ह नव्हता.

म्हणून सांगतो, ऐका. चहा, फोटो, उलटी, काहीही असो, गाडी पार्किंगच्या जागेतच थांबवायची. पुढे लाइट्स लुकलुकताना दिसले की तिथेच हळू व्हायचं, माणूस दिसायची वाट बघायची नाही. मागे रांग लागली तर बाजूला घ्या, जाऊ द्या लोकांना, मान कमी होत नाही. आणि भीती वाटली तर वाटू द्या. फौज सोडली तरी टायरचा आवाज थांबला की माझी बोटं अजून गार पडतात.

पांढऱ्या गाडीतले ते दादा म्हणजे आपले प्रसाददादा. त्यांना विचारूनच हे सांगतोय. मंडळाच्या पहिल्या सहलीच्या आधी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात वॉकीटॉकी. म्हणाले, "पुढे तू. शेवटची गाडी माझी." तेव्हापासून शेवटची गाडी दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही.

त्या वळणापलीकडे गेलो की मी बटण दाबतो. "टेल?"

प्रसाददादांचं उत्तर येतं, "टेल क्लिअर."

पुढचे दोन शब्द ते म्हणत नाहीत. ते हेमीचे आहेत.