ब्रिज मोनो

माझ्या मोठ्या भावाचे कान गेलेत हे आख्ख्या मानवत गावाला ठाऊक होतं, मान्य नव्हतं ते फक्त त्याला. मंडप आणि साऊंडचा धंदा त्याचा, मी त्याच्या हाताखाली वायरी ओढणारा. परभणीला डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर यायचा. बहिऱ्या साऊंडवाल्याला बोलावणार कोण, ही त्याची भीती मला कळायची. त्याच्या हेकटपणाचा रागही तितकाच यायचा.

पूर्वी बॉक्स मांडून झाले की तो गावाच्या वेशीपर्यंत चालत जायचा, तिथं उभा राहून ऐकायचा आणि परत येऊन बटणं फिरवायचा. अलीकडं तो मला पाठवू लागला. वर मी येऊन सांगितलेलं त्याला पटायचं नाही, म्हणजे माझी पायपीट फुकटच.

त्या दुपारी पोखर्णीकडच्या एका गावात हळद होती. मी वेशीवरून आलो आणि लख्ख ऐकू येतंय म्हणालो. मंडपात बायका कानावर पदर दाबून बसल्या होत्या, आणि हा म्हणे आवाज दबलाय. त्यानं अ‍ॅम्प्लिफायरच्या मागचं बटण ब्रिज मोनोवर सरकवलं. तसं केलं की एरवी दोन बाजूंना दोन बॉक्स वाजवणारं मशीन सगळी ताकद एकाच बॉक्सला देतं. त्यावर दुसरा बॉक्स जोडला तर मशीन बसतं, हे मला त्यानंच शिकवलेलं. त्यानं दोन्ही जोडले. मी हात धरला तर झटकून टाकला.

गाणं लागलं आणि बॉक्स फाटल्यासारखे खरखरायला लागले. पूर्वी एवढ्यावर त्यानं मला उभा-आडवा घेतला असता. आता तो लोकांकडं पाठ करून, मिक्सरवर वाकून मान डोलावत होता. थोड्याच वेळात मशीन तापून बसलं आणि दोन्ही बॉक्स गप झाले. मिक्सरला जोडलेल्या मोबाइलवर गाणं चालूच होतं, त्यामुळं मिक्सरवरचे बारके दिवे खालीवर नाचत राहिले. त्याची नजर त्या दिव्यांवर होती आणि मान त्यांच्याच तालावर हलत होती. किती दिवस हा असाच बघून ऐकत होता?

नाचणारी पोरं थांबली. बायकांनी कानावरचे हात काढले. मी त्याच्या खांद्याला हात लावला, तर वर न बघताच तो मोठ्यानं म्हणाला, "बघ, आता कसा बराबर वाजायलाय."

ते साऱ्या मंडपाला ऐकू गेलं.