बोटीवर तांडेल एकच

पुंडलिक आमच्या मुरबे गावचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. आवाज असा की तो घरात बोलला तर अर्ध्या आळीला वेगळं सांगायला नको. त्याची बायको पुष्पलता बोईसरच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाइकांशी घासाघीस करून तिच्या जिभेला अशी धार आलीय की मी शेजारी असूनही जपून बोलतो.

महिनाभर या दोघांत एकच वाद रंगला होता: नरहरीभाऊ हुकूमशहा होत चाललेत की नाही? भाऊ आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. त्यांनी बर्फाची सोय केली, मासळी सुकवायला ओटे बांधले, कुणाचंही लग्न असो, पंगतीत वाढायला हजर. पुंडलिक तर त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकतो. आता भाऊंनी नवी टूम काढली होती: यापुढे निवडणुकीला दुसऱ्या कुणी अर्जच भरायचा नाही, मी आहेच!

"बोटीवर तांडेल एकच आसतो," जाळं विणता विणता पुंडलिक म्हणाला. "भर समुद्रात काय मतदान घेतेस?"

"समुद्रात नाय. पण नारळी पुनवेला तुमचा खलाशी चिंतू दुसऱ्या बोटीवर गेला. तुमी अडवलात त्याला?"

"मी कशाला अडवू? नवा हंगाम, ज्याची त्याची मर्जी."

"मग भाऊंची बोट सोडायची मर्जी आमाला कवा?"

पुंडलिकाची जाळ्यातली गाठ चुकली, ती तो सोडवत बसला.

सभेत भाऊंनी ठराव मांडला आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांच्या कडकडाटात काहीही मंजूर करायची आमची खोड जुनीच आहे. पुष्पलता बोलायला उठली. मागून कुणीतरी ओरडलं, "बस गो खाली!" माझं डोकंच फिरलं, पण माझ्याआधी पुंडलिक कडाडला, "तूच बस! तिला बोलू दे."

"भाऊ, तुमी कामं केली, नाय कोण म्हणतं?" ती म्हणाली. "पण अर्ज भरायची मुभा ठेवा. या खेपेला मी भरणार हाय."

भाऊंचा चेहरा उतरला. मग सभेचा रंग बघून ते कसंबसं हसले. "भर बाय, भर."

पुंडलिक अजून उभाच होता. "मी मत भाऊंनाच देणार हाय, आताच सांगून ठेवतो!"

सगळी सभा खो खो हसली. पुष्पलता सगळ्यांत मोठ्यानं.

"द्या की," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तर निवडणूक पायजे."